उजळणीची डबी

जुई भुतेकर वयाच्या सहाव्या वर्षी शाळेतून निवृत्त झाली, असं तिचे आबा भेटेल त्याला सांगत. ते स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेतून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले होते, तेही मुख्याध्यापक होऊन. नात आपल्या बावन्न वर्षं पुढे निघून गेली याचं त्यांना कौतुक वाटे आणि आतून काळजीही वाटे.

गोष्ट अशी झाली होती. जालन्याच्या नव्या वस्तीतल्या बालवाडीत जुईने दोन वर्षं काढली आणि त्या दोन वर्षांत तोंडातून एक शब्द काढला नाही. घरी तिच्या तोंडाचा पट्टा सकाळी दात घासतानाच सुरू व्हायचा; बालवाडीचं फाटक दिसलं की बंद. कान तपासले, ठीक. बुद्धी तपासली, चांगली तल्लख. डॉक्टर म्हणाले, काही मुलांचा परक्या माणसांपुढे भीतीने आवाजच अडतो, घाई करू नका. पण चाळीस मुलांच्या वर्गात कुणाची घाई थांबते? मुलं तिला मुकी म्हणू लागली, आणि एके दिवशी हजेरी घेताना बाईंच्या तोंडूनही तेच नाव निघून गेलं.

त्या दिवशी शर्वरीने, म्हणजे जुईच्या आईने, मुलीला घरीच शिकवायचं ठरवलं. शर्वरी अकरा वर्षं एका बियाणे तपासणी प्रयोगशाळेत होती. शंभर बिया मोजायच्या, ओल्या कागदात गुंडाळायच्या, आठव्या दिवशी गुंडाळी उलगडून किती उगवल्या ते लिहायचं, हे तिचं काम. ते तिला मनापासून आवडायचं. तिने राजीनामा दिला तेव्हा तिचा नवरा तेजस चकितच झाला.

"तू शिकवणार?" तो म्हणाला. "मला मेथी निवडायला शिकवताना तुझा धीर सुटला होता."

"तू शिकण्याच्या पलीकडे गेलायस. तिची गोष्ट वेगळी."

घरी शिकवायला सरकारची परवानगी लागायची आणि ती एकाच वर्षाची मिळायची. एप्रिलमध्ये मुलाला जिल्हा केंद्रावर न्यायचं. तिथे परीक्षक समोर बसून विचारणार आणि मुलाने स्वतःच्या तोंडाने उत्तर द्यायचं. नाही जमलं, तर जूनमध्ये पुन्हा शाळा. जुईच्या बाबतीत पुन्हा शाळा म्हणजे पुन्हा ते फाटक. शर्वरीला वर्षभर धास्ती होती ती याचीच.

तिच्या मदतीला आली ती उजळणीची डबी. कंपनीने तिला काहीतरी लांबलचक नाव दिलं होतं, पण ती दिसायची कुंकवाच्या डबीएवढी, म्हणून घराघरांत तेच नाव पडलं.

डबीमागचं शास्त्र थोडक्यात असं. माणसाच्या विसरण्याला एक हिशेबी उतार असतो. शिकलेल्यातलं पुष्कळसं पहिल्या एक-दोन दिवसांतच गळतं, मग गळती मंदावते. एखादी गोष्ट विसरायच्या अगदी बेतात असताना पुन्हा आठवली, तर ती आधीपेक्षा खोल रुजते. संध्याकाळी पाढे म्हणून घेणाऱ्या जुन्या मास्तरांना हे अनुभवाने ठाऊक होतं. नवं होतं ते दोन शोधांचं लग्न. पहिला शोध असा, की एखादी गोष्ट मनाची पकड घेते त्या क्षणी डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, नाडीची चाल बदलते, आणि डबीची बारीक काच आणि मनगटावरचा पट्टा मिळून ते टिपू शकतात. दुसरा असा, की गाढ झोपेत मेंदू दिवसभरातल्या गोष्टी पुन्हा घोळवतो. आणि शिकताना कानावर पडलेला एखादा आवाज त्या झोपेत हळूच वाजवला, तर मेंदू नेमकी तीच गोष्ट घोळवायला घेतो.

डबी एवढंच करायची. मुलाच्या मनाने एखादी गोष्ट पकडली की ती त्या क्षणाला एक बारीकसा आवाज जोडायची. पुढे ती गोष्ट पुसट व्हायला आली की मूल दुपारी झोपलं असताना तो आवाज पुन्हा वाजवायची. आवाज इतका हलका, की शेजारी बसलेल्यालाही कान द्यावा लागे.

डबीवर एक कळ होती: धडा सुरू, धडा संपला. बाकीचे पालक दोन तास डबी चालू ठेवत आणि बंद करत. शर्वरीने मात्र ती कळ पहिल्याच दिवशी 'सुरू'वर ठेवली आणि पुन्हा तिला हात लावला नाही. प्रयोगशाळेत अकरा वर्षं तिच्या अंगी एकच नियम मुरला होता: पोत्यातल्या चांगल्या बिया वेचून चाचणी करायची नाही, पोतं वर, मध्ये, खाली, सगळीकडून उपसायचं, तरच निकाल खरा.

"आमच्याकडे घर हीच शाळा," ती फोनवर बहिणीला अभिमानाने सांगायची. "शिकण्याचे तास वेचून काढायचे नाहीत. दिवसभर जे होईल ते."

आणि खरोखर, काय बहरली ती पोर! जुलैपर्यंत बाराखडी आली. बाजारातून येताना ती दुकानांच्या पाट्या वाचायची आणि चुका काढायची. मुंग्या कुठे जातात, लोणच्याला बुरशी का येत नाही, चंद्र दिवसा काय करतो, प्रत्येक गोष्ट एकदा सांगितली की कायमची. आबांनी आयुष्यात हजारभर मुलं शिकवली होती, ते म्हणाले, "असं मी बघितलं नाही कधी. आम्ही पोरांच्या डोक्यात ओतायचो अन् दुसऱ्या दिवशी मडकं रिकामं."

ऑगस्टमध्ये एकदा वजाबाकी अडली. चौदातून सहा गेले किती, एवढ्यावर जुई तीन दिवस अडून बसली. चौथ्या दिवशी सकाळी शर्वरीच्या एका हातात लाटणं, समोर कुकर, फोनवर जुन्या प्रयोगशाळेतली मैत्रीण आपल्याला बढती मिळाल्याचं सांगत होती. फोन ठेवून वळली तर वहीत चौदातून सहा गेले, उरले अकरा.

"तुझ्यापायी मी नोकरी सोडली," शर्वरी ओरडली, "आणि तुला साधी वजाबाकी येत नाही!"

जिभेला हाड नसतं म्हणतात ते खरंच. पुढच्याच क्षणी तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण पोरं काय, घटकेत विसरतात. अर्ध्या तासाने दोघी जेवायला बसल्या, संध्याकाळी जुई झोपाळ्यावर गात होती. पुढच्याच आठवड्यात वजाबाकी सुटली, आणि मग अशी पळत सुटली की फेब्रुवारीत परवानगीचा अर्ज भरताना शर्वरीने 'मुलीला येणाऱ्या गोष्टी' या रकान्यात मोठ्या तोऱ्यात लिहिलं: दोन अंकी वजाबाकी, हातच्यासह.

मार्चअखेर, जिल्हा केंद्रावरची तारीख तीन आठवड्यांवर आली असताना, जुईने एकसष्टातून अडतीस वजा करून वही पुढे सरकवली. उत्तर बरोबर होतं. ती आईच्या चेहऱ्याकडे बघत होती. प्रत्येक वजाबाकीनंतर ती असं बघते, हे शर्वरीच्या त्याच वेळी लक्षात आलं.

"मला आता येते ना गं वजाबाकी?"

"येते म्हणजे? धावते!"

"मग तू लॅबमध्ये परत कधी जाणार?"

"मी कशाला जाऊ?"

"तू म्हणालीस ना, 'तुझ्यापायी मी नोकरी सोडली आणि तुला साधी वजाबाकी येत नाही.' तेव्हा कुकरची तिसरी शिट्टी झाली. तुझ्या हातात लाटणं होतं. माझ्या पेन्सिलीचं टोक मोडलं होतं." जुई रडत नव्हती. पाढा म्हणावा तसं ती म्हणत होती, आईच्या आवाजातल्या चढउतारासकट. "आता येते, म्हणून विचारलं."

शर्वरीने हसून विषय टाळला. दुपारी जुई झोपल्यावर ती डबी घेऊन उशाशी बसली आणि डबीने टिपलेल्या गोष्टींची, आजवर कधी न उघडलेली यादी तिने फोनवर उघडली. शेकडो नोंदी होत्या. सगळ्यात वर, हिरवी चांदणी लावलेली:

१४ ऑगस्ट, सकाळी ११.२०. पकड: सर्वोत्तम. उजळणी: ४१ वेळा.

वर्षभराच्या शिकवणीतला हा तिचा सर्वोत्तम धडा. ती बघत असतानाच डबीतून तीन बारीक टिचक्या वाजल्या. जुईच्या पापण्या थरथरल्या. झोपेतच तिची बोटं पेन्सिल धरल्यासारखी वळली. बेचाळीस.

शर्वरीने झटकन यादी बंद केली आणि तिथेच भिंतीला टेकून ती ढसाढसा रडली.

डबीच्या कंपनीकडे डॉ. पाथ्रीकर म्हणून एक तज्ज्ञ बाई पालकांच्या शंकांना उत्तरं देत. पडद्यावर त्यांनी यादी बघितली आणि चष्मा काढून ठेवला.

"तुम्ही कळ बंद केलीच नाही कधी?"

"नमुना वेचून घ्यायचा नाही, म्हणून," शर्वरी म्हणाली. तिचं तिलाच ते वाक्य ऐकवेना.

"डबीला धडा आणि दुखणं यातला फरक कळत नाही, ताई. मुलाचं काळीज धडधडलं एवढंच तिला दिसतं."

"तेवढी एक नोंद काढून टाका."

"काढता येईल. पण त्या प्रसंगी समोर वही होती, म्हणून त्याच तीन टिचक्या वजाबाकीलाही जोडल्या गेल्यात. पुढची सगळी वजाबाकी त्याच आवाजावर उभी आहे. तो थांबवला तर दोन्ही पुसट होणार. वजाबाकी थोड्याच दिवसांत डळमळेल. ते वाक्य पुसायला सहा-आठ महिने लागतील, इतर मुलांना लागतात तसे."

"मी तिला जवळ घेऊन माफी मागते."

डॉ. पाथ्रीकरांनी नकारार्थी मान हलवली. "माफी मागायची तर तो प्रसंग पुन्हा तिच्यापुढे उभा करावा लागेल. ती त्रेचाळिसावी उजळणी. तिने आपण होऊन काढलं तर बोला. तुम्ही काढू नका. आठवतंय का, असंसुद्धा विचारू नका."

चूक करायची आणि माफीही मागायची नाही, यापेक्षा शिक्षा ती कोणती! शर्वरीला वाटलं, कुणीतरी आपल्याच तोंडात बोळा कोंबला आहे.

संध्याकाळी गच्चीवर तिने तेजसला आणि आबांना सगळं सांगितलं. तेजस सौरवीज केंद्रावर काम करायचा, आणि बिघाड दिसला तरी चालू यंत्र मध्येच थांबवायचं नाही ही त्याची शिस्त होती.

"वीस दिवसांचा प्रश्न आहे," तो म्हणाला. "बेचाळीस वेळा झालं, आणखी चार वेळा होईल. केंद्रावरून परवानगी घेऊन येऊ आणि त्याच दिवशी बंद करू. आत्ता बंद केलं आणि तिथे वजाबाकी आली नाही तर ती घाबरून गप्प होईल. मग जूनमध्ये तेच फाटक. विचार कर."

तो वाईट बोलत नव्हता.

आबा म्हणाले, "भोकरदनच्या शाळेत असताना मी एका पोराच्या मुस्काटात मारली होती. त्याचा काहीच दोष नव्हता. माझंच डोकं ठिकाणावर नव्हतं. वीस वर्षांनी तो भेटला. मोठा इंजिनियर झालेला. वाकून पाया पडला, म्हणाला, गुरुजी, तुम्ही किती प्रेमानं शिकवलं आम्हाला. त्याला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. मला मात्र त्याच्या गालावरची बोटं अजून दिसतात." त्यांनी चष्मा पुसला. "पोरं विसरतात म्हणून तर मास्तर जगतात, पोरी. आई-बापही. ही डबी तिला विसरू देईना झाली. तू कशाची वाट बघायलीस?"

शर्वरी खाली गेली. तिने ती नोंद काढली. मग कळ 'धडा संपला'वर आणली, डबी उचलली आणि पितळी डब्यांच्या मागे ठेवून दिली. जूनपासून पहिल्यांदाच घरात शाळा सुटली.

आता वजाबाकी नव्याने, टिचक्यांशिवाय शिकवायची होती. आणि माफी न मागता काहीतरी सांगायचंही होतं. शर्वरीला एकच गोष्ट मनापासून येत होती, ती तिने केली. ओळखीच्या शेतकऱ्यांना निरोप धाडला: पेरणीआधी घरचं सोयाबीन तपासून हवं असेल तर घेऊन या. लोक पिशव्या घेऊन दारात येऊ लागले. मायलेकी गच्चीच्या सावलीत बसून शंभर-शंभर बिया मोजायच्या, ओल्या कागदात गुंडाळायच्या, गुंडाळ्यांना चिठ्ठ्या लावायच्या. आठव्या दिवशी उलगडायच्या. शंभरातल्या एक्क्याऐंशी उगवल्या, तर किती नाही उगवल्या? जुई चुकायची, बोटं मोजायची, पुन्हा बिया मांडायची. कधी काल आलेलं आज यायचं नाही. शर्वरी शेजारी बसून राहायची. मेथी निवडताना धीर सुटणारी ही बाई एकेका वजाबाकीला पाऊण तास बसून राहते आणि वर हसते, हे बघून तेजसने कानाला खडा लावला. वीस दिवसांचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

"आई, तू इथे गाणं म्हणतेस," जुई एकदा गुंडाळी बांधताना म्हणाली.

"मला हे काम आवडतं. आणि तुझ्याबरोबर करायला जास्त आवडतं."

जुईने ते ऐकलं आणि पुढची बी मोजली. ती गोष्ट तिच्या मनाने पकडली की नाही, सांगायला डबी नव्हती. शर्वरीला ते कधीच कळणार नव्हतं, जसं आजवरच्या कुठल्याच आईला कळलेलं नाही.

शेतकरी यायचे तेव्हा पहिल्या दिवशी जुई दाराआड लपली. नंतर आबांच्या कानात आकडा सांगू लागली. केंद्रावर जायच्या दोन दिवस आधी बदनापूरचे एक म्हातारे आले. आबा नेमके बाहेर गेले होते आणि शर्वरीचे हात ओले होते. म्हातारे वाट बघत उभे होते. "चौऱ्याऐंशी," दाराआडून आवाज आला. मग जरा मोठ्याने, "चांगलं आहे बियाणं."

जिल्हा केंद्रावर आईबापांना काचेबाहेर बसवलं होतं. आतलं बोलणं ऐकू येत होतं. परीक्षक पन्नाशीचे, मिशीवाले, आवाज जरा खणखणीत. जुईने दाखवलेल्या पाट्या वाचल्या, तेही पुटपुटत. मग त्यांनी अर्जात बघितलं आणि कागदावर लिहिलं: बावन्न वजा सत्तावीस.

जुईने पेन्सिल उचलली. एक मिनिट गेलं. दोन गेली. तिचे ओठ मिटले. शर्वरीने ते मिटलेले ओठ ओळखले. दोन वर्षं तिने तेच बघितले होते. तेजसने तिचा हात घट्ट धरला. आपणच केलं हे, शर्वरीला वाटलं, वीस दिवस कळ सोसली असती तर ही पोर आत्ता पाढ्यासारखं उत्तर म्हणून मोकळी झाली असती.

"येत नाही का बाळ?" परीक्षकांनी विचारलं.

जुईने मान वर केली.

"विसरले," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण होता. "बियांत सांगा ना."

"कशात?"

"बियांत. बावन्न बिया आहेत, सत्तावीस उगवल्या. असं."

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "बरं. बावन्न बिया पेरल्या. सत्तावीस उगवल्या. किती नाही उगवल्या?"

जुईने टेबलावर न दिसणाऱ्या बिया मांडल्या, सरकवल्या, पुन्हा मांडल्या. "पंचवीस. म्हणजे खराब आहे तुमचं बियाणं. पेरू नका."

परीक्षक इतक्या मोठ्याने हसले की शेजारच्या खोलीतलं मूल दचकलं. शेऱ्यात त्यांनी लिहिलं: गणितात वेळ लागतो. न आलेलं विचारते. परवानगी द्यावी.

आबांनी तो शेरा चष्म्याजवळ धरून तीनदा वाचला. "न आलेलं विचारते," ते म्हणाले. "माझ्या छत्तीस वर्षांत असा शेरा मी दहा पोरांना दिला नसेल."

दिवाळी होऊन गेली. ते वाक्य जुईने पुन्हा काढलं नाही. विसरली, की मनात धरून बसली आहे? शर्वरीच्या जिभेवर रोज प्रश्न यायचा आणि रोज ती तो गिळायची. वजाबाकीनंतर जुई आता आईच्या चेहऱ्याकडे बघत नसे, एवढाच काय तो आधार.

डिसेंबरात एका सकाळी हरभऱ्याच्या गुंडाळ्या उलगडताना शर्वरी कुकर विसरली. वास गच्चीपर्यंत आला तेव्हा दोघी जिना उतरून धावल्या.

"वरण करपलं!" जुई नाक दाबून हसत सुटली. "तेव्हासारखं!"

शर्वरीचा हात झाकणावर थबकला. "केव्हासारखं?"

"मागे नाही का, पावसाळ्यात. वरण करपलं होतं आणि तू मला मांडीवर घेऊन दहीभात भरवलास. साखर घालून. मी म्हटलं आणखी, तर तू तुझ्या ताटातला पण दिलास."

शर्वरी आठवू लागली. चौदा ऑगस्टचं वाक्य तिला शब्दन् शब्द पाठ होतं, लाटण्यासकट, तिसऱ्या शिट्टीसकट. त्यानंतर वरण करपलं होतं, हे तिच्या पार विस्मरणात गेलं होतं. दहीभाताचं तर नावही तिला आठवत नव्हतं. डबीच्या यादीतही त्या दिवशी अकरा-वीसनंतर थेट चारची नोंद होती. मधला दहीभात डबीला नोंदण्यासारखा वाटला नव्हता. पोरीने मात्र तेवढाच, कुणीही उजळणी न करता, स्वतःजवळ जपून ठेवला होता.

"का करपलं होतं गं तेव्हा?" जुईने विचारलं.

शर्वरीने गॅस बंद केला. "माझं लक्ष नव्हतं, बाळा," ती म्हणाली. "माझंच चुकलं."

"आज पण नव्हतं," जुई म्हणाली. "दही आहे का?"

शर्वरीने फ्रिज उघडला. दही होतं.